अंगावर काढलेले चार दिवस

*"डॉक्टरसाहेब, आम्ही केज तालुक्यातले. 2020 च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनात, माझ्या 16 वर्षांच्या लेकाच्या पोटात रात्री बेंबीपाशी दुखू लागलं. सासूबाईंनी ओवा दिला, हिंग लावला. दुसऱ्या दिवशी बेंबी सरकली म्हणून शेजारच्या मावशींकडून पोट चोळून घेतलं. सासरे दम्याचे. दवाखान्यात गेलो तर कोरोना घरात आणू, ही भीती. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम उतरलं, आम्ही मारुतीला नारळ फोडला. चौथ्या दिवशी अंग तापलं, पोट दगडासारखं झालं. एका दवाखान्यानं 'आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा' म्हणून दारातूनच परत पाठवलं. शेवटी अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. अकरा दिवस दवाखाना, पुढं महिनाभर पट्टी. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात परभणीला माझ्या भावाला तेच झालं. तो त्याच दिवशी दवाखान्यात गेला. तीन दिवस सलाईनमधून औषधं दिली आणि बिनाऑपरेशनचं घरी सोडलं. तेव्हापासून आमच्यात एकच बोलणं: मामाचं औषधानं बरं झालं, लेकराचं पोट उगाच फाडलं. आणि वर म्हणतात, तूच उशीर केलास. दोन्ही कसं खरं असेल? भावाचं वय आता 42, गेल्या वर्षभरात दोनदा तिथंच दुखून गेलं. लेक पोलीस भरतीची तयारी करतो, पळताना टाक्यापाशी ओढ लागते म्हणतो. चुकलं कोणाचं, आणि आता काय करावं?"*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. "दोन्ही कसं खरं असेल?" हे तुम्ही अगदी बरोबर विचारलंत. आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव थाऱ्यावर राहील. तुमच्या लेकाचं पोट उगाच फाडलेलं नाही. त्या दिवशी ते उघडलं नसतं तर आज तो भरतीसाठी पळताना तुम्हाला दिसला असता का, याची मला शंका आहे. आणि तुमच्या भावाला औषधांवर ठेवलं, तेही चुकीचं नव्हतं. आजार एकच, पण भाऊ पोचला तेव्हा तो सुरू झाला होता आणि लेकरू पोचलं तेव्हा आतलं सगळं फुटून गेलं होतं. या दोघांची तुलना करणं म्हणजे चुलीतल्या ठिणगीची आणि पेटलेल्या गंजीची तुलना करण्यासारखं आहे.

मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं, पोटात उजवीकडे खाली, करंगळीएवढी एक नळी लोंबत असते. एक तोंड आतड्यात उघडं, दुसरं बंद. हेच अपेंडिक्स. उघड्या तोंडाशी विष्ठेचा बारीक खडा अडकला किंवा तिथली सूज वाढली, की आतला स्राव बाहेर पडायला वाट राहत नाही. नळी फुगते, तिच्या भिंतीतलं रक्त फिरणं मंदावतं, जंतू भिंतीत शिरतात, भिंत काळी पडते आणि शेवटी फाटते. सुरुवातीला दुखणं बेंबीपाशी वाटतं, कारण अपेंडिक्सच्या स्वतःच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली, की मग दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं. तुमच्याकडं त्याला बेंबी सरकली म्हणाले. सरकलं होतं ते दुखणं.

पहिल्या दिवसात सहसा फुटत नाही. साधारण 36 तास उलटले की धोका चढू लागतो, आणि लहान लेकरांत त्याहून लवकर.

आता तुमच्या तिसऱ्या दिवसाविषयी. पत्रातलं ते एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुखणं एकदम उतरलं, आणि तुम्ही नारळ फोडलात. ताई, फुगलेली नळी फुटली की आतला ताण अचानक सुटतो. रोग्याला काही तास हलकं वाटतं, तो उठून बसतो, पाणी मागतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि त्याच वेळी आत पू पसरायला लागलेला असतो. मग ताप येतो, नाडी पळायला लागते, पोट लाकडासारखं कडक होतं. या उतारानं शिकलेसवरलेले लोकही फसतात. घरी बसलेल्या आईला हे कळायला हवं होतं, असं जो कोणी म्हणतो त्याला माझं हे पत्र वाचून दाखवा.

उशीर झाला, हे खरं. पण तो एकट्या तुमच्या पदरात घालता येणार नाही. घरातले तीन दिवस भीतीनं गेले, आणि ती भीती तुम्ही घरात बसून तयार केलेली नव्हती. 23 मार्च 2020 ला राज्यात संचारबंदी आली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी देशभराचा लॉकडाऊन जाहीर झाला. दिवसरात्र टीव्हीवर, मोबाइलच्या कॉलरट्यूनवर एकच सांगणं: घराबाहेर पडू नका. दवाखान्याला जायला कायद्यानं मनाई नव्हती. पण केज तालुक्यातल्या कितीतरी गावांना कळंब जवळ, आणि मांजरा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. नाकाबंदीवर उभ्या माणसाला "लेकराचं पोट दुखतंय" हे कारण पटेल का, याचा विचार करत किती घरांत रात्री गेल्या, ते माझ्या भागातले लोक मला आजही सांगतात. आणि घरात दम्याचे सासरे. तुम्ही एका जिवासाठी दुसरा जीव तोलत होतात. हे तोलायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

त्यापुढचा उशीर त्या दारात झाला. पोट दगड झालेल्या लेकराला रिपोर्टसाठी परत पाठवणं चूकच होतं. तेव्हा रिपोर्ट यायला एक, दोन, कधी त्याहून जास्त दिवस लागायचे. अशा रोग्याला संशयित धरून, किट घालून ऑपरेशनला घ्यायचं असतं. अंबाजोगाईला तसंच केलं असणार, म्हणून तो वाचला.

आता आमच्या बाजूचंही सांगायला हवं. मेच्या उन्हात, विषाणू पसरेल म्हणून एसी बंद ठेवून, अंगभर प्लास्टिकचं किट घालून आम्ही ऑपरेशनं केली. चष्म्यावर वाफ धरायची, घाम कोपरापर्यंत वाहून हातमोज्यात साचायचा. पोट उघडलं की फुटलेल्या अपेंडिक्सचा तो वास दोन मास्कमधूनही यायचा, आणि मी मनात म्हणायचो, हा चार दिवसांचा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत दुर्बिणीनं ऑपरेशन करणंही टाळलं जायचं. पोटात भरलेल्या गॅसबरोबर विषाणू बाहेर उडेल, ही शंका होती. पुढं तिला भक्कम पुरावा मिळाला नाही, पण तोवर अनेकांना तीन छोट्या भोकांऐवजी मोठा छेद सोसावा लागला. तुमच्या लेकाच्या बाबतीत मात्र, इतका पू असताना, त्या परिस्थितीत पोट उघडणंच सुरक्षित होतं.

सर्जन घाबरले होते, याला कारणही होतं. मे 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 24 देशांतल्या 235 रुग्णालयांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेले 1128 रुग्ण होते, आणि त्यातले जवळपास 24 टक्के 30 दिवसांत दगावले. यात म्हातारी माणसं होती, कॅन्सरचे रोगी होते, खुब्याचं हाड मोडलेले होते. 16 वर्षांच्या धडधाकट पोराला तो आकडा लागू पडत नाही. पण त्या दिवसांत आकडा ऐकल्यावर एवढा विचार करायला कोणाला उसंत नव्हती. जगभरात एक सूर निघाला: साधं, न फुटलेलं अपेंडिक्स असेल तर आधी अँटिबायोटिकवर बघा, ऑपरेशन टाळता आलं तर टाळा. तुमच्या भावाला 2021 च्या मे महिन्यात, दुसरी लाट अंगावर असताना, खाटा आणि ऑक्सिजन नसताना जे उपचार मिळाले, ते या विचारातून आलेले दिसतात.

आणि तो विचार हवेतला नव्हता. साथीच्या आधीपासूनच अमेरिकेत 25 रुग्णालयांत याचा मोठा अभ्यास सुरू होता, 1552 रुग्णांचा. अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना 10 दिवस अँटिबायोटिक. निष्कर्ष योगायोगानं ऑक्टोबर 2020 मध्ये, ऐन साथीत छापून आले. महिन्याभरानंतर दोन्हीकडचे रोगी सारखेच ठणठणीत होते. पण औषधांवर ठेवलेल्या दहांपैकी तिघांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. ज्यांच्या अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा होता, त्यांच्यात दहांपैकी चौघांना. फिनलंडमध्ये अशा रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा औषधांवर ठेवलेल्या शंभरातल्या 39 जणांचं दुखणं परतलेलं होतं. म्हणजे 61 जणांना सुरीची गरज पडली नाही, हेही तितकंच खरं. पण 'औषधानं बरं झालं' आणि 'औषधानं तात्पुरतं शांत झालं' यातला फरक घरी सोडताना रोग्याला सांगायचा असतो. तुमच्या भावाला तो सांगितला नसेल, किंवा सांगितला असेल आणि त्या धावपळीत कोणाच्या ध्यानात राहिला नसेल. दुसऱ्या लाटेत डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर वाचायलाही कोणाला वेळ नव्हता.

एक मात्र घरातल्या सगळ्यांना ठासून सांगा. 'औषधांवर ठेवणं' म्हणजे मेडिकलमधून गोळ्या आणून खाणं नव्हे. दवाखान्यात दाखल करून, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅननं न फुटल्याची खात्री करून, शिरेतून औषध देत, दर काही तासांनी पोटाला हात लावून बघत केलेला तो उपचार आहे. पोट बिघडतंय असं दिसलं, तर त्याच रात्री ऑपरेशन करता यावं, अशा ठिकाणी.

पोटाला हात लावून, हे शब्द मी मुद्दाम लिहिले. 25 मार्च 2020 ला सरकारनं फोनवरून सल्ला देण्याचे नियम काढले, आणि त्यानं पुष्कळ लोकांचं भलं झालं. पण त्याच दिवसांत शेतातल्या वस्तीवरून एका बापानं मला फोन केला. पोरीचं पोट दुखतंय, उलटी झाली. मी दोन प्रश्न विचारले, गोळी सांगितली, उद्या कळवा म्हणालो. तिसऱ्या दिवशी पोरगी आली ती पोटात गोळा घेऊन. आतड्यांनी आणि पोटातल्या चरबीच्या पडद्यानं फुटलेल्या अपेंडिक्सला वेढा घातला होता. तिचं नशीब की तो वेढा टिकला. आधी अँटिबायोटिक, मग दोन महिन्यांनी ऑपरेशन, असं करत ती बरी झाली. पण माझा हात पहिल्या दिवशी तिच्या पोटावर पडला असता तर तिचे ते दोन महिने वाचले असते. चूक माझी होती, आणि मी तिच्या बापाला ती सांगितली. फोनवर पोट तपासता येत नाही.

तुमच्यासारखी घरं फक्त मराठवाड्यात नव्हती. इटली, इंग्लंड, अमेरिका, इस्रायल, कितीतरी ठिकाणी त्या काळात एकच दिसलं: अपेंडिक्सचे रोगी दवाखान्यात कमी आले, उशिरा आले, आणि आले त्यांत फुटलेल्यांचं, पू झालेल्यांचं प्रमाण वाढलं. यातलं सगळं उशिरामुळं झालं, असं मात्र नाही. काहींची सौम्य सूज घरीच, आपोआप किंवा कुठल्या तरी गोळीनं बसली असावी. ते आलेच नाहीत, म्हणून आलेल्यांत बिकट केसेस जास्त दिसल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'माझ्या भाच्याचं पोट तर ओव्यानंच थांबलं होतं' असं सांगणारा खोटं बोलत नसतो. पण कोणाचं आपोआप बसणार आणि कोणाचं फुटणार, हे घरात बसून ओळखायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. मुलांत त्यावेळी आणखी एक गुंता होता. कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी काही लेकरांच्या अंगात मोठी सूज उसळायची, ताप आणि पोटदुखी अशी, की पाहणाऱ्याला अपेंडिक्सच वाटावं. तिथं तर तपासणीशिवाय वेगळं करणं शक्यच नव्हतं.

पुन्हा साथ आली, नाकाबंदी आली, किंवा नुसता पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला, तरी तुमच्या घरासाठी एवढं ध्यानात ठेवा. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली आलं, भूक मेली, एखादी उलटी झाली, बारीक ताप आला, की थांबायचं नाही. लेकराला जागेवर एक उडी मारायला सांगा, नाहीतर जोरात खोकायला. उजवीकडे खाली कळ आली, तो कमरेत वाकून चालत असेल, तर निघा. एरंडेल देऊ नका, कुठलाच जुलाब नको. आतडं जोरानं हललं की नाजूक झालेली नळी फुटायला मदतच होते. पोट चोळू नका, शेकू नका. खायला देऊ नका, म्हणजे भूल द्यायची वेळ आलीच तर ताटकळावं लागणार नाही. मावशींवर राग धरू नका, त्या मायेनंच करतात. फक्त पुढच्या वेळी त्यांनाही गाडीत बसवा. 108 ला फोन लावा, आणि नाकाबंदीवर "पोटदुखी" म्हणू नका. "अपेंडिक्सचा संशय आहे, ऑपरेशन लागेल" असं सांगा. कोणी दारातून परत पाठवलं, तर तपासल्याचं आणि पुढं पाठवल्याचं कागदावर लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळदा तपासणी होते. म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बायकांत ही लक्षणं अशी सरळ दिसत नाहीत. तिथं शंका आली एवढंच कारण पुरे.

आता तुमच्या भावाचं. औषधांवर बरं झाल्यावर वर्षात दोनदा त्याच जागी दुखलं, म्हणजे ते पुन्हा डोकं वर काढतंय, असं धरून चाला. दुखत नसताना, शांतपणे, दिवस ठरवून दुर्बिणीनं अपेंडिक्स काढून टाकणं हाच मला त्यांच्यासाठी योग्य रस्ता वाटतो. बहुतेक लोक एक-दोन दिवसांत घरी जातात. साथीत ऑपरेशन टाळलं होतं त्याची कारणं साथीबरोबर गेली. तेव्हाचा तोडगा आता जन्मभर ओढायची गरज नाही. आधी सीटी स्कॅन करून घ्या. तोंडाशी खडा आहे का ते त्यात कळेल. आणि चाळिशी उलटल्यावर, पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुजेमागं दुसरं काही, एखादी गाठ वगैरे, लपलेलं नाही ना, हेही बघून घ्यायचं असतं. बहुतेकांत काही निघत नाही. पण काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवा, आणि तो रिपोर्ट मागून घ्या. 2021 ची सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, जे असेल ते सोबत न्या. परभणीत सोय झाली नाही तर नांदेडचं शासकीय रुग्णालय आहे, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तो सांगेल. आणि ठरलेल्या तारखेआधीच जोराची कळ उठली, तर तारखेची वाट बघत बसायचं नाही, त्याच रात्री निघायचं.

लेकाच्या टाक्याची ओढ. जिथं पू झाला होता आणि महिनाभर पट्टी चालली, तिथला व्रण आतून जाड आणि ताठ भरतो, धावताना तो ओढला जातो. बहुतेक वेळा एवढंच असतं. पण अशा जखमेतून पुढं हर्निया उतरू शकतो, म्हणून एकदा सर्जनला दाखवा. झोपून नको, उभं राहून खोकताना तपासायला सांगा. टाक्यापाशी फुगवटा येत नसेल, तर त्यानं बिनधास्त पळावं, पोटाचे व्यायाम हळूहळू वाढवत न्यावेत. आणखी एक त्याला स्वतःला माहीत असू द्या. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर आतडी आतून एकमेकांना चिकटू शकतात. पुढं कधी पोट फुगलं, थांबून थांबून कळा आल्या, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरणं बंद झालं, तर त्या दिवशी मैदानावर जायचं नाही, दवाखान्यात जायचं आणि 2020 चं ऑपरेशन आधी सांगायचं. ऑपरेशनचे कागद त्याच्या भरतीच्या फाइलमध्येच ठेवा, वैद्यकीय तपासणीत व्रणाबद्दल विचारतील तेव्हा हाताशी असतील.

भावाचा सीटी झाला की रिपोर्ट मला पाठवा. मी बघतो.